तुरंबीची सात अंडी आणि मगरअण्णाचा सल्ला

व्हय व्हय, सांगून ठेवा तुमच्या त्या दगडूनानाला! म्हनं अंडं तापवलं की कोंबडाच निघतो. निघतंय नानाचं डोंबल! गप बसा पोरांनो, आन् ऐका.

एका जंगलात शेंदऱ्या नावाचा रानकोंबडा होता. तुरा असा, की लांबून पळस फुलल्यागत दिसायचा. तुऱ्याखाली मातर नुसता भुसा.

त्याची बायको तुरंबी. तिनं पाचोळ्यात सात अंडी घातली आन् वर बसली. कोंबडा होऊ दे न्हाईतर कोंबडी, साती जित्ती निघू देत, एवढंच तिचं मागनं.

तेवढ्यात शेंदऱ्या नदीवरनं पळत आला.

"ऊठ गं! मगरअण्णा म्हनला, वाळू तापली की त्यांच्यात समदे नर निघत्यात. अंडी उन्हात काढ!"

"मगरीत निघत असतील. मी काय मगर हाय व्हय?"

"अण्णा लई हुशार. दिवसभर तोंड उघडून इचार करतो."

"आवो, नर का मादी ते घालतानाच ठरलंय. ऊन लागलं तर पिल्लू मरतं, बदलत न्हाई."

"तुला काय कळतंय त्यातलं?"

"अंडी कुनी घातली?"

तवर शेंदऱ्याची आई भुरकी पुढं आली. "सूनबाई, तोंड आवर!"

म्हातारी उन्हात तापल्याल्या एकेका दगडावर उडी मारून बघाय लागली. पाय पोळला तर कोंबडा, न्हाई पोळला तर कोंबडी, असा तिचा हिशोब. सातव्या दगडावर ती किंचाळली, "आई आई गं! हाच, हाच!"

ठेवली साती अंडी तिथं. तुरंबी पंख पसरून सावली धराय गेली, तर शेंदऱ्यानं तिला शेपटी धरून ओढली. तिचा जीव तुटाय लागला. मग ती एकदम वरडली, "घार! घार!"

मायलेक करवंदीच्या जाळीत घुसले. तवर तुरंबीनं तीन अंडी ढकलत पाचोळ्यात नेली आन् वर बसली. चार दगडावरच शिजली.

एकविसाव्या दिवशी तिन्ही फुटली. दोन कोंबड्या, एक कोंबडा.

शेंदऱ्या आरवला, "उपाय लागू पडला!"

"दोन कोंबड्या हायत की," तुरंबी म्हनली.

"त्या तुझ्या सावलीनं झाल्या!"

"आन् शिजली ती चार?"

भुरकी म्हनली, "कोंबड्याच असनार त्या. म्हनून तर टिकल्या न्हाईत!"

समद्या रानानं वाहवा केली. तित्तर, लावे, मोर आपापली अंडी घेऊन दगडापुढं रांगेत उभे. मगरअण्णाला ती चार शिजल्याली अंडी मानानं दिली. त्यानं इचार न करता गिळली.

तुरंबी तीन पिल्लं घेऊन डोंगराच्या पल्याड गेली. फुडली अंडी तिनं कुठं घातली, कुनाला सांगितलं न्हाई.

तात्पर्य: ज्यानं जल्मात अंडं घातलं न्हाई, अंड्यातलं त्यालाच इचारावं. उपाय फसला तर मेल्याली समदी मादीच होती म्हनावं. मेल्यालं काय भांडाय येत न्हाई.

दात काय काढताय? उठा, अंड्यांवर बसल्याल्या खुडूक कोंबडीफुडं दानं-पानी ठेवा!