निरोगी पडद्याचा नमुना

जे जे दिसते ते ते बोलून दाखवायचे नसते, हे ज्या समाजाला उमगले तो समाज सुसंस्कृत समजावा. इर्बिद शहरातील दृष्टिपटल-निगा प्रशिक्षण मंडळ याच पायावर उभे आहे.

उत्तर जॉर्डनमध्ये मधुमेह आणि पाकात निथळणारी कुनाफा मिठाई या दोन्ही गोष्टी घरोघरी नांदतात. साखर वाढते, डोळ्याच्या आतल्या पडद्यावरच्या बारीक रक्तवाहिन्या गळू लागतात, आणि माणूस मात्र ‘नंबर वाढला असेल’ म्हणत चष्म्याच्या दुकानाची पायरी चढतो. तेव्हा दुकानात बसून नंबर काढणाऱ्या ऑप्टोमेट्रिस्टांनाच पडद्याचे आजार ओळखायला शिकवावे, असा थोर विचार मंडळाने केला. (डोळ्यांच्या डॉक्टरांनी त्याला मनापासून पाठिंबा दिला. अट एकच घातली: ओळखलेल्या आजाराचे नाव ऑप्टोमेट्रिस्टाने घेऊ नये.)

त्यामुळे अभ्यासक्रमाचे दोन भाग पडले. पहिल्यात पडद्यावरचा प्रत्येक ठिपका ओळखायला शिकवत. दुसऱ्यात, जो पहिल्याहून पुष्कळ लांब होता, ओळखल्यानंतर चेहरा कसा ठेवावा हे शिकवत. ‘घाबरण्यासारखं काही नाही, पण मोठ्या इस्पितळात जाऊन या,’ हे वाक्य सगळा वर्ग रोज सकाळी एका सुरात म्हणे. ‘पण’वर जोर पडल्यास अर्धा गुण कापला जाई.

विद्यापीठ रस्त्यावर चष्म्याचे दुकान चालवणारी हैफा रूसान पहिल्या भागात वर्गात सर्वांच्या पुढे होती. दुसऱ्यात तिचा चेहरा तिला दगा देई.

मंडळाचे प्रमुख मुनीफ बताइने. गाव त्यांना अबू वरीफ म्हणे. लग्न जुळवायचे असो की भाऊबंदकी मिटवायची असो, रदबदलीला निघणारी वडीलधाऱ्यांची जाहा त्यांच्यावाचून निघत नसे. यजमानाने दिलेला कॉफीचा पेला ते घेत, न पिता खाली ठेवत आणि मागणे मान्य होईपर्यंत ओठाला लावत नसत. पाहुण्याची कॉफी निवू देणे यजमानाला लाजिरवाणे. त्यामुळे त्यांनी तीन खून मिटवले होते आणि अकरा लग्ने लावली होती. (पैकी कोणता आकडा अधिक भूषणावह, याबद्दल गावात दुमत आहे.)

प्रात्यक्षिकाच्या दिवशी बोलावलेले रुग्ण आलेच नाहीत. घाबरण्यासारखे काही नाही, हे त्यांना आधीच इतके नीट पटवून देण्यात आले होते.

“अरे, मग माझे डोळे घ्या की!” अबू वरीफ खुर्चीत बसत म्हणाले. “ससाण्याचे डोळे आहेत. तक्त्याची शेवटची ओळ वाचतो मी. निरोगी पडद्याचा नमुना म्हणून जपून ठेवा.”

बाहुली मोठी करणारे थेंब हैफाने दोन्ही डोळ्यांत घातले आणि एकेकाचा फोटो काढला. भिंतीवर भलामोठा पडदा उमटला. त्यावर रक्ताचे लाल ठिपके होते, आणि एका कोपऱ्यात नव्या, कच्च्या रक्तवाहिन्यांचे जाळे माजले होते; दुसऱ्या डोळ्यातही तेच. ते जाळे आज फुटेल की महिन्याने, हे सांगणे कठीण. फुटले की डोळा रक्ताने भरणार. नजर तोवर उत्तम असते, हीच या आजाराची खोडी.

“कसा आहे?” थेंबांमुळे स्वतःला सगळे धुरकट दिसणाऱ्या अबू वरीफनी विचारले.

“माशाल्ला,” चोवीस शिकलेले आवाज एकदम म्हणाले.

फोटो प्रश्नपत्रिकेत गेला. ‘निरोगी’ हे उत्तर प्रमुखांच्या सहीने मोहोरबंद झाले.

“लिही निरोगी आणि मोकळी हो, उख्ती,” शेजारच्या बाकावरचे शाहेर तिला म्हणाले. “तो म्हातारा काय तुझा सासरा लागतो?”

“सासरा असता तर कदाचित लिहिलंही असतं, अम्मो शाहेर.”

हैफाने नियमात राहूनही प्रयत्न केला. व्हरांड्यात अबू वरीफना गाठून ती म्हणाली, “घाबरण्यासारखं काही नाही, पण मोठ्या इस्पितळात जाऊन या.”

“वा, पोरी!” ते खूश झाले. “आज ‘पण’वर जराही जोर नाही. पूर्ण गुण!”

शेवटी परीक्षेत तिने लिहिले: ‘याच आठवड्यात लेझर करावे.’ तेवीस जण उत्तीर्ण झाले.

प्रमाणपत्रांचा समारंभ झाला. वेलदोड्याची कडू कॉफी फिरली. नापासांनाही ती देण्याची मंडळाची उदार प्रथा आहे. हैफाने पेला घेतला आणि जमिनीवर ठेवला.

खाली ठेवलेल्या पेल्याचा अर्थ सभागृहात प्रत्येकाला ठाऊक होता.

“हे काय, बिंती?” अबू वरीफ हसले. “बायका कधीपासून जाहा नेऊ लागल्या? नापास झालीस म्हणून रुसलीस का? गुण वाढवून हवेत?”

“गुण नकोत, अम्मो. उद्या सकाळी माझ्याबरोबर इस्पितळात चला.”

“मला काय धाड भरलीय? वेडे चाळे पुरे. पी ती कॉफी.”

“आधी हो म्हणा.”

“शाहेर, समजाव रे हिला!”

शाहेरांनी एका हातातले प्रमाणपत्र सांभाळून दुसऱ्या हाताने आपला पेला हळूच जमिनीवर ठेवला. मग त्यांच्या मागच्याने ठेवला. मग त्याच्या मागच्याने. आजाराचे नाव कुणी घेतले नाही. नियम शेवटपर्यंत पाळला गेला. पाहता पाहता चोवीस पेले खाली निवत बसले.

अबू वरीफ एकेक चेहरा न्याहाळू लागले. त्यांचा आवाज खाली आला.

“सगळ्यांना दिसलं होतं?”

वर्गाने शिकवल्याप्रमाणे चेहरे कोरे ठेवले. फक्त हैफाचा जमला नाही.

“दोन्ही डोळे?” त्यांनी तिला विचारले.

तिने होकारार्थी मान हलवली.

म्हातारा निवलेल्या पेल्यांकडे वळला. मग पुटपुटला, “प्या रे, प्या. येतो मी उद्या.”

लेझर वेळेवर झाले. डोळे वाचले. अबू वरीफनी पहिल्यांदा काय केले असेल, तर हैफाला पास करण्याचा ठराव मांडला. तो उत्तीर्णांच्या सभेत एकमताने फेटाळण्यात आला. मोहोरबंद उत्तर बदलता येत नाही, आणि त्या उत्तराप्रमाणे त्यांचा पडदा निरोगीच होता. ठरावाविरुद्ध हात वर करणाऱ्या तेवीस जणांच्या दुकानांत आज प्रमाणपत्रे चौकटीत लागली आहेत आणि बाहेर रांगा आहेत. हैफाचे दुकान तसे मोकळे असते. ‘बाई तोंडावर सांगते,’ अशी तिच्याबद्दल तक्रार आहे.

वाचकहो, मंडळाला नावे ठेवण्याची घाई करू नये. आपणही रांगेचेच दुकान निवडाल, चार बरे शब्द ऐकाल, नवी फ्रेम पसंत कराल आणि डॉक्टर किती गोड बोलतात म्हणून शेजाऱ्यालाही तिथेच धाडाल. अभ्यासक्रमाचा दुसरा भाग मंडळाने छापला एवढेच. तो लिहून घेतला आपणच.