हरिहरपंतांची दुपारच्या निद्रेवरील स्वारी

श्रीगजाननाचे स्मरण करून आणि कुलस्वामिनीस वंदून लेखन केले ऐसे जे: शके अठराशे पंचाहत्तर, विजयनाम संवत्सरी, मार्गशीर्ष मासी, कसबे ठाणे येथे राजश्री हरिहरपंत, वस्ती नौपाडा, हुद्दा सरकारी कचेरीतील जावक कारकून, यांनी निद्रा नामे गनिमाशी जो झगडा मांडिला, तो पुढिलांस कळावा आणि पुढिलांनी पंतांसारखी उतावळी करू नये, म्हणोन खरे तेच नमूद केले आहे.

गनिमाचा शिरस्ता ऐसा की, सकाळी दहास घरचे जेवण उरकून पंतांची स्वारी कचेरीस दाखल व्हावी, दीड वाजता डबा उघडावा, आणि घड्याळात दोन पडले की गनिमाने नौबत न वाजविता पापण्यांवर चालून यावे. मग पंतांचे मस्तक जावक रजिस्टरावर टेकत असे. ऐशी अकरा वर्षे सुखाने गेली. मग नवे साहेब आले. ते तीन वाजता कचेरीत फेरी घालीत, आणि त्यांनी तीन वेळा पंतांस निद्रिस्त पाहिले, आणि मग हुकूम फर्माविला की चौथे खेपेस सापडल्यास दूर डोंगरातील मोखाड्यास रवानगी होईल. मोखाड्याचे भय पंतांस नव्हते. झोप तेथेही लागते. परंतु कन्या मंदाकिनी यंदा मॅट्रिकास, परीक्षा तीन महिन्यांवर, आणि एका पगारात दोन बिऱ्हाडे मांडण्याची ऐपत नाही. बिऱ्हाड हलवावे तर पोरीचे वर्ष बुडाले. पोर चुलीपाशी बसून भूमिती घोकी. ते पाहून पंतांचे काळीज तुटे. तुटे, तरी दोन वाजता डोळा लागेच.

मग सौभाग्यवती सुमतीबाईंनी मसलत दिली की, शेजारचे त्र्यंबकराव पूर्वीचे तालीममास्तर, श्वासाचे शास्त्र जाणतात, त्यांचे पाय धरावे. पंतांनी धरिले. मास्तरांनी आधी डॉक्टराकडून छाती तपासून आणविली आणि मगच भस्त्रिका नामे अस्त्र दिधले. त्याची रीत ऐसी की, ताठ बसावे आणि लोहाराचा भाता चालावा तैसा नाकाने श्वास जोराने घ्यावा आणि जोराने सोडावा. तेणे अंगी तरतरी येते. अस्त्रासंगे कलमेही बजाविली: पोट रिकामे असावे, जेवून चार तास लोटावे, बैठक मोडू नये, दहा श्वास होताच थांबावे आणि सावकाश श्वास घ्यावा, भोवळ वाटली की तत्क्षणी मोर्चा मागे घ्यावा, आणि रक्तदाब अगर हृदयविकार असणाऱ्याने या वाटेस जाऊच नये.

पंतांनी सकाळच्या प्रहरी दहा श्वासांचा रिवाज धरिला. तरतरी आली, परंतु ती बारापर्यंत पुरे आणि दोन वाजता गनीम हजर. मग पंतांनी विचार केला की अस्त्र लढाईचे जागीच चालवावे. परंतु दोन वाजता पोट तुडुंब, आणि कलम मोडावे कैसे? हा पेच आठ दिवस सुटेना. तो वद्य एकादशी उगवली आणि पंतांस लख्ख उजाडले. एकादशीस जे खाल्ले ते खाल्ल्यात जमा नाही, हे तो आजापणजापासून चालत आले. सबब त्या दिवशी पोट रिकामेच. ऐसा निश्चय करून पंतांनी दीड वाजता साबुदाण्याची खिचडी, वऱ्याचे तांदूळ, दाण्याची आमटी, रताळ्याचा कीस आणि राजगिऱ्याचे दोन लाडू इतकेच घेतले, आणि रिकाम्या पोटी दफ्तरखान्यात शिरले.

तेथे जमिनीस धूळ आणि पंतांचे धोतर धुवट. म्हणोन बैठकीचे कलम रहित करून उभ्यानेच भाता सुरू केला. दहा श्वासांनी तरतरी बारापर्यंत, तर शंभरांनी महिनाभर पुरावी, हा त्यांचा अदमास. तिसावे श्वासास खिचडीने आतून बंड केले. पस्तिसावे श्वासास दफ्तरखाना गरगर फिरो लागला, आणि मागे हटण्याचे कलम पंतांस आठवले, परंतु चाळिसावे श्वासास आठवले. मग ते जुन्या कागदांच्या गाठोड्यांवर उताणे कोसळले.

आवाज ऐकोन धाकू शिपाई, कळव्याचा जुना माणूस, धावत आला. मागोमाग साहेब डोळे चोळीत आले, आणि पाहतात तो जावक कारकून डोळे मिटून गाठोड्यांवर पहुडलेला! तेथेच बदलीचा कागद करण्याचा हुकूम सुटला. पंतांनी ऐकिले, परंतु तोंडातून उचकीवाचून काही निघेना. तेव्हा धाकू मध्ये पडला.

"साएब, पंत निजलं नाय. निजलेला मानूस कवा उचक्या देतंय का? घेरी येऊन परलं."

हा पुरावा साहेबांस तोडता येईना. मग ऐसा तह ठरला की, कागद तयार होऊन साहेबांचे टेबलावर राहील; आठवे दिवशी अडीच वाजता पंतांनी रजिस्टर घेऊन समोर उभे राहावे; एक जांभई दिसली तरी सही होईल.

संध्याकाळी त्र्यंबकरावांनी हकीकत ऐकिली आणि कपाळावर हात मारिला.

"अहो हरिहरपंत, एकादशी पंचांगाला कळते, पोटाला कळत नाही! उद्यापासून दीडचा डबा बंद. चारला खा. मग दोन वाजता पोट खरोखर रिकामे सापडेल."

ही मोहीम सर्वांत कठीण जाहली. सकाळचे जेवण हलके करावे, दोन वाजता दफ्तरखान्यात घोंगडीवर ताठ बसावे, दहा श्वास, मग विसावा, आणखी दहा, मग विसावा, आणि बस्स. तिसरे दिवशी डब्यातील थालीपिठाचा वास झाकण न जुमानता बाहेर आला, आणि पंतांनी डबा धाकूचे हवाली करून खिडकीकडे तोंड फिरविले. परंतु डोळे उघडे राहिले. अकरा वर्षांत प्रथमच पंतांस दुपारचे दोन दिसले, आणि त्या समयी कचेरीत केवढी शांतता असते, याचे नवल वाटले.

आठवे दिवशी ठीक अडीच वाजता पंत रजिस्टर घेऊन साहेबांचे दालनी दाखल जाहले, तो साहेब टेबलावर मस्तक टेकून घोरत होते, आणि गालाखाली बदलीचा कागद. पंतांस आधी हसू फुटू लागले, मग पोरीचे वर्ष आठवले आणि हसू जागीच विरले. उठवावे तर साहेब लाजतील आणि लाजलेला साहेब सही करील. परत फिरावे तर हुकूम मोडला. मग पंत उभे राहिले. अर्धा तास उभे राहिले आणि एक जांभई दिली नाही.

तीनाचे ठोके पडले आणि साहेब दचकून उठले. समोर पंत, हाती रजिस्टर, डोळे टक्क उघडे.

"केव्हा आलात?" साहेबांनी पुसिले.

"आत्ताच, साहेब. तीनाला."

हुकूम अडीचाचा होता, हे दोघांसही ठाऊक होते. साहेबांनी घड्याळ पाहिले, पंतांकडे पाहिले, आणि कागद उचलून त्याचे चार तुकडे केले.

येणेप्रमाणे गनिमाचा मोड जाहला, मोखाडा टळला, आणि चैत्राआधी कुमारी मंदाकिनी मॅट्रिकास बसली, आणि पुढे निकाल लागला तेव्हा भूमितीत उत्तम गुण मिळवून पास जाहली. पंत त्या दिवशी कोणाचे देखत रडले नाहीत, दफ्तरखान्यात जाऊन रडले. फत्ते पंतांची म्हणोन येथे लिहिली आहे. हे वर्तमान बखरीत असावे, कचेरीत नसावे.