गुरुवारचा किताब

रशवानला भीती वाटत नाही अशी जगात एकच जमात होती: परग्रहावरचे राक्षस. बाकी सगळ्यांची वाटे. ट्रामच्या कंडक्टरची वाटे, जिन्यातल्या मांजराची वाटे, टपालातून आलेल्या बंद पाकिटाची वाटे. आणि मेव्हण्याची तर इतकी, की मितवल्ली खाटकाने आपल्या दुकानात सुरीला धार लावायला घेतली की दोन गल्ल्या पलीकडे रशवान शर्टाचं वरचं बटण लावून घेई. (मान झाकलेली बरी.)

असा हा गडी चोरून विज्ञानकथा वाची. चोरून अशासाठी, की त्याच्या बायकोला, नगातला, त्या पुस्तकांचा राग. "घरातला नळ वर्षभर गळतोय," ती म्हणे, "आणि हा शनीवर पाणी शोधतोय." म्हणून रशवान नबी दानियाल रस्त्यावरच्या जुन्या बाजारातून पुस्तक आणी, आणि सदऱ्याखाली पोटाशी धरून घरात शिरे. कर्मूझ मोहल्ल्यातल्या आम्हां सगळ्यांना वाटे, कचेरीत बसून बसून उस्तादचं (कचेरीवाल्याला आम्ही उस्तादच म्हणतो) पोट सुटलंय. चौकोनी पोट आम्ही पहिल्यांदाच पाहत होतो, पण बोललो नाही.

कचेरीत त्याच्या डोक्यावर नुकत्याच मॅडम इनायत आल्या होत्या. पंचावन्नच्या विधवा बाई, चष्म्याला साखळी, आवाजाला धार. एका दुपारी त्यांनी रशवानचा खण उघडला.

"हे काय?"

"विज्ञानकथा, मॅडम."

"यात काय असतं?"

"जे अजून झालेलं नाही, ते सगळं झाल्यासारखं लिहिलेलं असतं."

"म्हणजे आपला वार्षिक अहवाल." बाईंनी पुस्तक उलटंपालटं केलं. "मी असलं कधी वाचलेलं नाही. मला एक सुचवा. झोप उडेल असं नको."

दुसरा कोणी असता तर हातातलंच पुस्तक देऊन सुटला असता. रशवानने विचार करून सांगायचं ठरवलं. झालं, इथेच माती खाल्ली.

आता एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो, नाहीतर तुम्ही मधेच हात वर कराल. आमच्या अलेक्झांड्रियात पुस्तकाला म्हणतात किताब. आणि 'किताब लिहिला' म्हटलं की लग्न लागलं. काझी वही उघडतो, दोन साक्षीदार बसतात, नावं लिहिली, संपलं. हा कार्यक्रम बहुतेक गुरुवारी, म्हणजे शुक्रवारी सुटीला नवरा-नवरीला कोणी उठवत नाही.

दोन दिवस डोकं खाजवून रशवानला नाव सापडलं. बुधवारी संध्याकाळी, नगात स्वयंपाकघरात आहे असं बघून, तो फोनची लांब वायर ओढत बाल्कनीत गेला आणि कुजबुजू लागला.

"मॅडम, घाबरू नका. पहिल्या वेळी सगळेच घाबरतात. हो, हो, उद्या गुरुवारी किताब लिहून देतो, नक्की. पहिला हलका घ्यावा. तो पचला की दुसरा. लोक बघता बघता चारपर्यंत जातात. वयाचं काय घेऊन बसलात, माझी मावशी सत्तरीत या नादाला लागली. कचेरीत नको, बरोबर, शिपाई हसतील. पाच वाजता जिन्यापाशी या, मी खाली उतरतो. फक्त माझ्या बायकोला कळता कामा नये. एकदा डोळे मिटून उडी मारा मॅडम, मग आपण दोघं वेगळ्याच जगात."

खालच्या बाल्कनीत उम्म सब्री, म्हणजे सब्रीची आई, दोरीने टोपली वर ओढत होती. भाजीवाल्याने टोपलीत दोन किलो टोमॅटो घातले होते. टोपली अर्ध्यात थांबली. भाजीवाला खालून "ओढ की बाई" म्हणून थकला, पण टोपली हलेना. उम्म सब्रीने दोरी कठड्याला बांधली आणि ती तशीच जिना चढून नगातकडे गेली.

गुरुवारी रशवान तीनला घरी आला तर टेबलावर भरलेली कबुतरं. एक नाही, दोन. आमच्याकडे भरलेलं कबूतर नवऱ्या मुलाला वाढतात, लग्नाच्या दिवशी, अंगात ताकद यावी म्हणून. रशवानच्या पानात ते अकरा वर्षांत पडलं नव्हतं. दाराशी त्याची सुटकेस उभी होती, पट्टा आवळलेली.

"खा," नगात म्हणाली. तिचे डोळे लाल होते. (कांदा चिरला असेल, असं त्याने स्वतःला समजावलं.)

"आज काय आहे?"

"आज गुरुवार आहे."

रशवानने तंगडी हाडासकट गिळली. याला वाटलं, पुस्तकांचा साठा सापडला.

"तुला कळलंय."

"उम्म सब्रीने सांगितलं. कधीपासून चाललंय?"

"आपल्या लग्नाच्या आधीपासून. वाटलं होतं, लग्नानंतर सुटेल."

"किती आहेत?"

"चाळीस. मोजून. शिवाय एक मित्राकडे आहे, तो परत देत नाही."

नगातने टेबलाची कड धरली. "आणि त्या चाळीसांना ठेवतोस कुठे?"

"थोडी कचेरीत. बाकी आपल्या पलंगाखाली."

"पलंगाखाली."

"नवा माल परवडत नाही गं. सगळा जुनाच. आधी कोणी ना कोणी हाताळलेला, पाठ मोडलेला."

नगात उठून स्वयंपाकघरात गेली. नवरा भीतीने बरळतोय की खरंच इतका पोहोचलेला आहे, हे तिला ठरवता येईना. आत भांडं वाजेना, नुसता तो गळका नळ ठिबकत होता. रशवानला ताटातलं दुसरं कबूतर आपल्याकडे दयेने बघतंय असं वाटलं.

पावणेपाचला मितवल्ली आला; गल्ली त्याला मानाने मुअल्लिम म्हणे. धुतलेला पांढरा झब्बा, मिशांना तेल, काखेत वर्तमानपत्राचं लांबट पुडकं, त्यावर लाल ओल. तो रशवानला चिकटून बसला आणि पुडकं त्याने मांडीवर ठेवलं.

"काय उस्ताद, वेळ झाली ना?"

"कसली, मुअल्लिम?"

"तुझी."

रशवानने वरचं बटण लावलं. ते आधीच लावलेलं होतं, म्हणून तुटून हातात आलं. डोळ्यांपुढून घर गेलं, बायको गेली, गळका नळसुद्धा गेला, आणि त्या नळासाठी त्याला भरून आलं. एवढ्यात जिन्यात पावलं वाजली. उम्म सब्री पुढे, आणि मागे, हातात बसबूसाचा, म्हणजे रव्याच्या मिठाईचा, डबा घेऊन, मॅडम इनायत.

"या बाईंनी मला वर ओढत आणलं," मॅडम म्हणाल्या. "रशवान, किताब कुठाय?"

रशवानने खिशातून कागद काढला. मितवल्लीने तो हिसकावला, सरळ धरला, उलटा धरला, आणि बहिणीला दिला. नगात वाचू लागली.

"'लोखंडी भाचा'. पानं नव्वद. नवशिक्यांसाठी उत्तम. यंत्रमानव आहे, पण मामाचे पाय चेपतो. लढाई नाही. बावन्नाव्या पानावर थोडं भीतिदायक आहे, ते मॅडमनी गाळावं, मीही गाळलं आहे."

तिने कागद खाली केला. "हे काय आहे?"

"किताब," रशवान म्हणाला. "मॅडम या प्रकारात नवीन आहेत. वाचायला एक सुचवला."

"आणि ते चाळीस?"

रशवान पलंगाखाली शिरला आणि हातात येतील तेवढी पुस्तकं घेऊन, कोळिष्टकांसकट बाहेर आला.

नगात मटकन खाली बसली आणि ओढणीने तोंड झाकून हसू लागली. उम्म सब्रीला एकदम टोमॅटोंची आठवण झाली. हसता हसता नगात थांबली आणि भावाकडे बघून म्हणाली, "म्हणजे हा जात नाहीये."

मितवल्लीने पुडकं सोडलं. आत बोकडाची अख्खी मांडी होती. "मी आहेर घेऊन आलो होतो," तो नाराजीने म्हणाला. "साक्षीदार म्हणून सही पण देणार होतो. म्हटलं, कागद पक्का व्हावा, उद्या कोणी याला परत आणून सोडायला नको."

"बॅग भरलेलीच आहे, मॅडम," नगात डोळे पुसत म्हणाली. "बघा विचार करून."

मॅडम इनायतनी चष्मा लावला. धुळीत बसलेल्या, बटण तुटलेल्या रशवानला त्यांनी डोक्यापासून पायापर्यंत एकदा नीट वाचलं. मग कागदाची घडी करून पर्समध्ये ठेवली.

"सुरुवात हलक्यापासून करावी हे खरं," त्या म्हणाल्या, "पण इतकंही हलकं नको."