उडू नका, चालून दाखवा

भालेराव सरांच्या अंगणात मी एका धडधाकट सरपंचाला पक्ष्यासारखं चालताना पाहिलं आहे. धोतराचा सोगा हातात, मान ताठ, नजर लांब कुठंतरी. सर खुर्चीत बसून निरखत होते. सरपंच कुंपणापर्यंत जाऊन वळले, तसे सर उठले आणि त्यांनी निकाल दिला, "हा बगळा झाला, सरपंच. माळढोक न्हाय."

सरपंच बिचारे खाली मान घालून, चहा पिऊन परत गेले.

भूमच्या आमच्या शाळेत भालेराव सर चित्रकला शिकवायचे आणि मी गणित. दोन्ही विषयांचा मुलांना सारखाच कंटाळा असल्यामुळं आमचं जमलं. कधीकाळी वनखात्याचे कुणी साहेब त्यांना म्हणाले होते, की इकडच्या माळांवर माळढोक दिसल्याच्या बातम्या फार येतात, त्या खऱ्या की खोट्या हे तुम्ही बघून कळवत चला. पगार नाही, भत्ता नाही. पुढं त्या साहेबांची बदली झाली, नवे आले त्यांना यातलं काही माहीतही नव्हतं. पण सरांनी ते काम असं अंगावर घेतलं, की त्यांना फौजदारकी मिळाली असंच कुणालाही वाटावं.

ज्यांनी माळढोक पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. माणसाच्या कमरेइतका उंच, लांब मानेचा, वाळल्या गवताच्या रंगाचा हा पक्षी. झाडावर बसत नाही, उघड्या माळावर चालतो. मादी अंडं घालते ते एकच, आणि तेही नुसत्या जमिनीवर. धनगर त्याला हूम म्हणतात. आमच्या काळातच तो इतका कमी झाला होता, की दिसला म्हणणाऱ्याचं नाव आधी हॉटेलात व्हायचं आणि मग सरांकडं पोचायचं.

खबर घेऊन येणाऱ्याला सर रंग विचारत नसत, उंची विचारत नसत. म्हणत, "उडू नका, चालून दाखवा." त्यांचा हिशेब सरळ होता. ज्यानं नुसतं ऐकलंय तो हात हलवतो, आणि ज्यानं बघितलंय तो चालतो. एका एसटी ड्रायव्हरनं तर प्रवाशांसकट गाडी दारात उभी केली होती. तो चालला, कंडक्टर चालला, आणि दोघांचा पक्षी जुळेना. तरी सर दुसऱ्या दिवशी सायकलीवरून जागेवर जाऊन आले. तिथं मेलेल्या रेड्यावर गिधाड बसलेलं होतं.

मुरुमहून बदलून आलेल्या एका मास्तरांनी शपथेवर सांगितलेला माळढोक म्हणजे बुजगावणं निघालं. दुसऱ्या एकाचा माळढोक कुक्कुटपालन संस्थेतून पळालेली टर्की कोंबडी होती. सर रागावत नसत. "हा माळढोक न्हाय, हा तुमचा उत्साह आहे," असं सांगून ते सायकलीला टांग मारत. मात्र हीच पद्धत ते सगळीकडं लावायचे. शिक्षणाधिकारी तालुक्याला आलेत म्हणून हेडमास्तरांनी शाळा झाडून घेतली, तर सरांनी भर स्टाफरूममध्ये विचारलं, "आले ते तुम्ही बघितलं, का ऐकलं?" हेडमास्तरांचं आणि त्यांचं फारसं पटलं नाही ते यामुळं.

सरांना नात्याचं माणूस एकच, थोरली बहीण, अनुसयाअक्का. आईबाप लवकर गेलेले. अक्कानं लोकांच्या रानात खुरपून ह्या भावाला शिकवलं होतं. ती भूमपासून कोसभर अंतरावरच्या गावी राहायची, विधवा, एकटी. सर तिला भूमला चल म्हणायचे, तर ती म्हणायची, "माजं हात अजून हैत." मग दर रविवारी सरच तिच्याकडं जेवायला जात आणि बऱ्याचदा मलाही ओढून नेत. अक्का वाढायला बसली की सर एकदम लहान व्हायचे. सगळ्या तालुक्याची उलटतपासणी घेणारा हा माणूस तिथं नको असलेली तिसरी भाकरीसुद्धा मुकाट्यानं खायचा.

त्या वर्षी श्रावण कोरडा गेला. रोजगार हमीची कामं निघाली आणि अक्काच्या गावालगतच्या माळावर पाणी मुरवायला चर खोदायचं ठरलं. काम मजूर सहकारी संस्थेकडं होतं आणि संस्थेचे चेअरमन नाना आमच्या शाळेच्या समितीवरही होते. काम घरापासून हाकेच्या अंतरावर, म्हणून बायका खुशीत होत्या. अक्कानं तर टोपलं आदल्या दिवशीच शेणानं लिंपून वाळत घातलं होतं.

त्याच दिवशी, रविवारी, जेवून परतताना सर माळावर एकदम थांबले. पुढं गवतातून एक मान वर आली. मादी होती. ती घाई न करता चालत चालत लांब गेली. सर हळूच पुढं झाले आणि आखणीच्या फक्कीच्या रेघेपासून हातभर अंतरावर त्यांना अंडं दिसलं.

इतकी वर्षं ज्याच्यासाठी वणवण केली ते समोर होतं, आणि सरांच्या चेहऱ्यावर आनंद म्हणून नव्हता. मी म्हटलं, एवढे चार चर सोडायला सांगू. ते म्हणाले, कुदळींच्या आवाजात ती परत बसणारच नाही. मग बराच वेळ सायकल हातात धरून चालत राहिले आणि शेवटी मला म्हणाले, "सर, अक्काचं काम माझ्या हातानं जाणार."

सकाळी नारळ फोडायला रोजगार हमीचे साहेब जीपमधून आले. गावातली माणसं, बाया, टोपली, कुदळी, सगळे जमले होते. सर फक्कीच्या रेघेवर आडवे उभे राहिले. नाना हसून म्हणाले, लांडोर असेल. साहेबांनी अंडं दाखवा म्हटलं. सरांनी साफ नकार दिला, इतकी माणसं तिथं नेली तर ती अंडं सोडून जाईल म्हणाले. मग पुरावा काय, असं साहेबांनी विचारलं.

"त्येंचाच कायदा त्येंला लावा की," नाना म्हणाले. "चालून दाखवा, सर."

लोक खदाखदा हसले. सरांनी चपला काढून ठेवल्या आणि ते चालू लागले. मान वर, एक पाऊल, मग थांबणं, मग दुसरं पाऊल. एका मध्यमवयीन मास्तरानं भर उन्हात, आपल्या बहिणीसमोर, सगळ्या गावासमोर असं चालावं, याची मला लाज वाटायला हवी होती. मला अभिमान वाटला. हसणं हळूहळू थांबलं. काठीला टेकून उभा असलेला एक म्हातारा धनगर म्हणाला, "ह्यानं हूम बगितलाय. मी लई बगितल्यात."

साहेबांनी घाम पुसला. नाना जवळ येऊन बदलीचं बोलले, तेही सगळ्यांना ऐकू जाईल असं.

"करा बदली," सर म्हणाले. "जिथं धाडाल तिथनं सायकलीवर यीन आन् ह्येच सांगंन. लांडोर म्हणणार न्हाय."

साहेबांनी काम दोन कोस लांबच्या नाल्यावर हलवलं. अक्कानं टोपलं उचललं आणि भावाकडं न बघता ती त्याच्या अंगावरून पुढं निघून गेली.

बदली झाली नाही, पण त्यापेक्षा वाईट झालं. पुढच्या रविवारी अक्काच्या दाराला कडी होती, त्याच्या पुढच्या रविवारीही. मग सर जायचेच थांबले. माळावरचं अंडं फुटून पिल्लू निघालं, तेही त्यांनी मला एकट्याला सांगितलं. आणि तालुक्यातून खबरा येणं बंद झालं. ह्या मास्तरला पक्षी सांगितला की हातचं काम जातं, असं लोक म्हणू लागले. सर संध्याकाळी अंगणात खुर्ची टाकून बसायचे आणि फाटकाकडं बघायचे. एकदा मला म्हणाले, "आता कुणी खोटं सांगायलासुद्धा येत नाही हो."

दिवाळीच्या सुमारास, एका रविवारी उन्हं कलताना फाटक वाजलं. अक्का होती. आत आली नाही. डोक्यावरचा पदर सारखा करत म्हणाली, "किसना, वड्याकडं एक पक्षी बगितला म्या. लई मोटा. डोस्क्यावर तांबडा तुरा हुता."

तांबडा तुरा कोंबड्याला असतो, माळढोकाला नाही, हे मलाही कळत होतं. सरांनी काहीच विचारलं नाही. घाईत चपला उलट्या पायांत घातल्या, परत सुलट्या केल्या आणि निघाले. मी मागोमाग.

ओढ्याकाठी काही नव्हतं. अक्का उगाच इकडंतिकडं बघत राहिली. "हितंच हुता की," ती म्हणाली.

सरांनी कपाळावर हात धरून रिकाम्या माळाकडं पुष्कळ वेळ पाहिलं. त्यांचे डोळे भरून आले होते.

"व्हय अक्का," ते म्हणाले. "माळढोकच. आत्ताच उडाला असंल."

अक्कानं त्यांच्या दंडाला धरलं.

"चल घरला," ती म्हणाली. "दर आयतवारी तुजी भाकरी उरती."