यज्ञेश गुरुजींची कंबर

फणस उचलायला वाकलेला यज्ञेश वर आलाच नाही. परसात दोन्ही हात फणसावर ठेवून तो तसाच काटकोनात उभा राहिला.

"काय झाला?" त्याच्या बायकोने, नम्रताने, मागच्या दारातून विचारलं.

"काय नाय. फणस बघतंय."

"इतको वेळ?" ती जवळ आली आणि बघताक्षणी तिला कळलं. "कंबर धरली मगे?"

"हळू बोल गो!" यज्ञेश कळवळून म्हणाला.

हळू बोलण्यासारखंच ते प्रकरण होतं. बारा वर्षं खुर्चीवर बसून कारकुनी केल्यावर यज्ञेशची कंबर कामातून गेली होती. योगाने ती सुटली आणि नोकरीही सुटली, कारण बरा झाल्यावर तो योगच शिकवू लागला. "सात वर्षांत एकदाही कंबर धरली नाही," हे तो रोज वर्गाला ऐकवायचा. आज तर आरोग्य केंद्रांवर योगशिक्षक नेमायचा म्हणून सरकारी आरोग्य खात्याच्या शर्मिष्ठाबाई त्याचा वर्ग बघायला येणार होत्या.

नम्रताने तेल चोळलं, जुन्या लुगड्याची पट्टी करकचून बांधली आणि त्याला रिक्षात आडवा घातला. कोणी यायच्या आत तो देवळाच्या सभामंडपात पोचला आणि खांबाला टेकून कसाबसा बसला. उठायचं कसं, हा विचार त्याला बसल्यावर सुचला.

साडेसातला वर्ग भरला. भातशेतीतल्या दहाबारा बायका आणि पोस्टातून निवृत्त झालेले दाजी. मागोमाग शर्मिष्ठाबाई आल्या, सर्वांत मागे चटईवर बसल्या आणि त्यांनी फॉर्म काढला.

"गुरुजी, करून दाखवा," तुळसा उत्साहाने म्हणाली.

करून दाखवणं हीच तर यज्ञेशची खासियत. तो इतका सुरेख वाकायचा की समोरच्या बायका हात अर्ध्यावर सोडून, दशावतारातला राजा बघावा तशा त्याच्याकडे बघत राहायच्या.

"आज सगळ्यांनी डोळे मिटायचे," तो घाईने म्हणाला. "मी सांगेन, तुम्ही करायचं. आता मेरुदंड सावकाश पुढे..."

"ता खंय असता?" तुळसाने डोळे मिटूनच विचारलं.

यज्ञेश अडखळला. शरीर दाखवता येत नव्हतं आणि पुस्तकी शब्द पोचत नव्हते. शेवटी त्याने घरची भाषा काढली. "शेतात भाताचो तरवो लावताना वाकतंस ना, तशी वाक. पण घाई नको. बांधावर कोण उभो नाय तुका हाक मारूक. जमात तितक्याच वाक."

सगळे वाकले, आपापल्या बेताने. मग त्याने हात वर करायला सांगितले, तेव्हा नुसतं बसून बघताना यज्ञेशला एक गोष्ट दिसली. विमलाकाकींचा उजवा हात खांद्याच्या वर जातच नव्हता. दोन वर्षं त्या पहिल्या रांगेत होत्या.

"काकी, उजवो हात खालीच ऱ्हवांदे. डावोच वर करा," तो म्हणाला. काकींनी डोळे उघडून त्याच्याकडे चमकून पाहिलं.

वर्ग संपला. शर्मिष्ठाबाई मागूनच म्हणाल्या, "छान! स्वतःचं प्रदर्शन न करणारा शिक्षक मी पहिल्यांदाच बघितला. जरा उभे राहता का? फोटो काढते."

"मी... थोडं ध्यान करून घेतो," असं म्हणून यज्ञेशने डोळे मिटले.

सगळे आदराने थांबले. पाच मिनिटं झाली. दहा झाली.

"समाधी लागली की काय रे?" दाजी कुजबुजले.

"समाधी खंयची? घाम बघा त्येंचो," विमलाकाकी पुढे येत म्हणाल्या. "गुरुजी, कंबर धरली मा?"

आता लपवण्यात अर्थ नव्हता. "फणस उचलूक गेलंय," यज्ञेश खाली मान घालून म्हणाला.

काकी त्याच्या समोर ऐसपैस बसल्या. "बरा झाला!"

"बरा?"

"मगे काय! दोन वर्सा ह्यो खांदो दुखता. पण तुमका काय दुखतच नाय, तर तुमका सांगूचा कसा?"

"माझो गुडघो," तुळसा म्हणाली. आणखी तिघींनी टाचा, मान, पाठ असं काय काय पुढे केलं. दाजींनी तर शर्ट वर करून पाठच दाखवली. यज्ञेशला सकाळपासून पहिल्यांदा मोकळा श्वास घेता आला. पण मग त्याला पाहुण्याबाईंची आठवण झाली.

"बाई, मी लपवायला नको होतं. फॉर्मवर काय लिहायचं ते लिहा."

"लिहिते हो. पण आधी मला कोणीतरी उठवा," शर्मिष्ठाबाई रडकुंडीला येऊन म्हणाल्या. "मांडी घातल्यापासून पाय आखडलाय. मला वाटलं, तुमचं ध्यान सुटेपर्यंत सुटेल."

वर्गातल्या दोघी बाईंना उठवायला धावल्या. दाजी आणि तुळसाने यज्ञेशला दोन्ही बगलांतून धरून उभं केलं. खांबाला टेकून, एका पायावर तोल सांभाळत बाईंनी फॉर्म भरायला घेतला. 'शिक्षकाची शारीरिक स्थिती' या रकान्यापाशी त्यांचं पेन थांबलं. त्यांनी दोघांच्या मध्ये लोंबणाऱ्या यज्ञेशकडे पाहिलं, वर्गाकडे पाहिलं आणि लिहिलं : 'विद्यार्थ्यांसारखीच. नेमणुकीस योग्य.'