पोपटी साडीचा भाव

गायत्रीनं लाईव्हवर पोपटी साडीचा भाव सांगितला आणि तिथंच माती खाल्ली.

चूक झाली हे तिला लगेच कळलंही नाही. तिचा अर्धा जीव फोनमध्ये होता आणि अर्धा भगवंतरावांच्या टेपमध्ये. भगवंतरावांना सौंसरच्या बाजारात मोबाईलचं दुकान टाकायचं होतं. गायत्रीचे सासरे बापूजी यांनी आपलं साडीचं दुकान त्यांना भाड्यानं द्यायचं जवळजवळ कबूल केलं होतं. आज ते भिंत मोजायला आले होते आणि टेपचं दुसरं टोक धरून खुद्द बापूजी उभे होते.

"मामाजी, आजचा दिवस थांबा नं," गायत्री सासऱ्यांना म्हणाली. "लाईव्ह करून राहिली मी."

"महिनाभर तेच पाहून राहिलो नं बापा. इंदूरवाले दिल पाठवते, सुरतवाले दिल पाठवते. दुकानात कोनी येते का?"

येत नव्हतं. तिच्या व्हिडिओखाली 'भाभीजी बहुत सुंदर' लिहिणारे ढीगभर होते, पण त्यातल्या एकालाही साडी नेसायची नव्हती. लग्नसराई तोंडावर आलेली आणि गिऱ्हाईक नागपूरच्या बसमध्ये बसून निघून जायचं. दुकान गेलं की नवरा, भूपेंद्र, तिला नागपूरच्या आपल्या भाड्याच्या खोलीवर नेणार होता. तिथं दिवसभर करायचं काय, तर कुकरच्या शिट्या मोजायच्या. गायत्रीला गल्ल्यावर बसायची चटक लागली होती. ती सुटायची नव्हती.

म्हणून इरेला पेटून तिनं पोपटी साडी कॅमेऱ्यासमोर झटकली.

"काठ पाहा ताई, चमक पाहा. दिसाले तीन हजाराची. आपल्याकडं फक्त दोनशे चाळीस. बिनधास्त आहेरात द्या, समोरचीले समजनार बी नाही."

आता इकडच्या आहेराचं असं आहे, की देणारी कधी भाव सांगत नाही. 'नागपूरहून आणली' एवढंच हळूच सोडून देते. घेणारी 'कायले एवढा खर्च केला' म्हणते आणि घडी न मोडता तीच साडी पुढच्या लग्नात सरकवते. सगळ्यांना सगळं माहीत असतं, फक्त तोंडातून काढायचं नसतं. बापूजींचं दुकान आजवर याच न बोलण्यावर चाललं होतं. गायत्रीनं ते पाच जिल्ह्यांना ऐकवलं.

महिन्याभरात पहिल्यांदाच ओळखीच्या नावांच्या कमेंट आल्या. गायत्री खुश झाली. मग तिनं वाचल्या.

'ही तर माह्या नणंदीनं मले देल्ली.'

'मले बी देल्ली. चंदेरी आहे म्हने.'

आणि खाली, एकही दिल न लावता, पांढुर्ण्याच्या अपर्णाबाई: 'माह्या इहीनबाईनं हेच साडी देल्ली मले. तीन हजाराची म्हने.'

गायत्रीचा हात हवेतच राहिला. अपर्णाबाईंची विहीण म्हणजे मोहगावच्या विजयमालाबाई. दुकानाचं यंदाचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक. गेल्या महिन्यात पोरीच्या लग्नाचा आहेर त्यांनी इथूनच नेला आणि येत्या रविवारच्या, पोराच्या लग्नाचाही. तिनं घाईघाईनं लाईव्ह बंद केलं. पण बंद करून काय होतं, बोललेलं परत थोडंच गिळता येतं.

तासाभरात दारात ऑटो थांबला. विजयमालाबाई उतरल्या आणि रविवारच्या आहेराचा भलामोठा गठ्ठा त्यांनी गादीवर आदळला.

"काऊन वो गायत्री, माही तुही काही दुश्मनी आहे का?"

"काकू, मले का मालूम अपर्णाकाकू पाहून राहिल्या म्हनून..."

"तुले मालूम नाही? तूनंच तर बांधून देल्ली. आन म्हने समोरचीले समजनार नाही. समजलं नं आता? पोरगी तिकडं रडून राहिली. जावई फोन उचलत नाही. इहीनबाई म्हनते, रविवारी येतो का नाही थे पाहीन." त्यांनी गठ्ठा पुढं ढकलला. "हे पूर्न वापस घे. यातली कोन्ती तू उद्या दाखवशीन, काय भरोसा."

तेवढ्यात दोघी-तिघी आणखी आत आल्या. सगळ्यांच्या हातात पोपटी साड्या.

"ह्या बी वापस घ्या."

"तुमी कधी नेल्या इथून?" गायत्रीनं विचारलं.

"आमी कायले नेतो? आमाले देल्ल्या. पन वापस घ्या."

भगवंतरावांनी ही वेळ बरोबर हेरली. "बापूजी, मंग सोमवारपासून पेंटर लावून टाकू का?"

बापूजींनी सुनेकडं पाहिलं. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं गायत्रीला वाटलं. ती मुकाट्यानं साड्यांच्या घड्या घालू लागली, कारण हातांना दुसरं काही सुचत नव्हतं.

बाहेर एक गाडी थांबली. विजयमालाबाईंनी मान वळवून पाहिलं आणि त्या चटकन आपल्याच गठ्ठ्यामागं बसल्या.

अपर्णाबाई आत आल्या.

"लाईव्हवाली तूच का?"

"हो जी."

"थे पोपटी साडी आहे का अजून?"

गायत्रीला वाटलं, आता ही बाई साडी बाजारात नेऊन पेटवते. "आहे जी. पन कायले?"

अपर्णाबाई बसल्या. पाणी मागितलं, सावकाश प्यायल्या. "रविवारी मोहगावले लगन आहे, जा तर लागतेच. इहीनबाईसाठी पैठणी काढून ठेवली होती मी. खरीखुरी. आता थे ठेवली वापस कपाटात. पोपटीच दे. तिले एक, तिच्या जावांले, बहिनीले, साऱ्यांले. आन चिठ्ठी काढू नोको किमतीची. समोरचीले समजलंच पायजे."

साड्या वापस करायला आलेल्या बाया एकमेकींकडं बघायला लागल्या. मग त्यातली एक हळूच म्हणाली, "मले बी चार दे. माही नणंद येऊन राहिली."

"माह्यासाठी बी ठेवजो वं. सासूच्या बहिनीले द्याची आहे."

गठ्ठा हलला. मागून विजयमालाबाई उभ्या राहिल्या.

"रामराम, इहीनबाई," विजयमालाबाई म्हणाल्या.

"रामराम."

"पैठणी होती का खरंच?"

"होती."

"कोन्त्या रंगाची?"

"जांभळी. मोराच्या पदराची."

जांभळी पैठणी विजयमालाबाईंच्या डोळ्यांसमोरून पूर्ण फिरून गेली असावी. मग त्यांनी वापस केलेला गठ्ठा स्वतःकडं ओढला आणि पदर खोचला.

"गायत्री, हा गठ्ठा राहू दे मले. आन इहीनबाईले द्याले वेगळी दाखव." त्या विहिणीकडं बघत गोड आवाजात म्हणाल्या, "दोनशे चाळीसच्या खालची आहे का काही?"

अपर्णाबाईंनी पेला खाली ठेवला. "मले बी दाखव. तिच्याहून खालची."

गायत्रीनं सासऱ्याकडं पाहिलं. बापूजींनी टेपचं टोक केव्हाच सोडून दिलं होतं. दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती आणि दाराशी आणखी दोन ऑटो थांबत होते.

"भगवंतराव," बापूजी म्हणाले, "तुमचा हात पुरते. थो वरच्या फळीवरचा गठ्ठा काढा पाहू."