दोन डब्यांचा काला

समीक्षाने फीत चंद्रीच्या छातीभोवती गुंडाळली, आकडा पाहिला, आणि सोडून पुन्हा गुंडाळली. फितीने तेच सांगितलं. फितीला काय, तिला थोडंच कोणाचं मन राखायचं असतं!

"उतरली का?" पुंडलिकरावांनी विचारलं.

"थोडीशी, काका."

"थोडीशी म्हन्ते पोरगी! फासळ्या उघड्यावर आल्या तिच्या. फीत कायले पाह्यजे, बोटानं मोज."

बाजूलाच चंद्रीची लेक लाली गव्हाणीत तोंड खुपसून कुटार हाणत होती. आई चार पावलांवर मान खाली घालून उभी आहे, याचं त्या बयेला सोयरसुतक नव्हतं. चंद्रीच्या पुढ्यात सरकीच्या ढेपेचं घमेलं तसंच भरलेलं होतं. तिने ते हुंगलं, आणि दुसऱ्याचंच ताट आपल्यापुढे आल्यासारखं तोंड वळवलं.

चंद्री शकुबाईची, पुंडलिकरावांच्या बायकोची. म्हणजे दावं पुंडलिकरावांच्या खुंट्याला, पण जीव शकुबाईच्या पदराला. पोळ्याच्या आधी शकुबाई दोन दिवसांच्या तापाने गेल्या. तेव्हापासून चंद्रीने अन्नावरची वासना काढून घेतली. पुंडलिकरावांनीही काढून घेतली होती; पण त्यांच्या छातीला कोणी फीत लावत नव्हतं, म्हणून ते कोणाच्या लक्षात आलं नव्हतं.

मुलगा अमर तसा वाईट नाही. पण त्या दिवशी तो बापाच्या तोंडाकडे न पाहता बोलला, "बाबा, म्या गोरक्षणवाल्याशी बोलून ठेवलं. तिथं डॉक्टर असते, चार गाई सोबतीले असते. संक्रांत झाली का टेम्पो बलावतो."

"आन इथं कोन आहे तिले? आपन नाही का?"

"बाबा, डोळ्यादेखत वाळून राह्यली ते. मले पाहवत नाही."

शकुबाईबरोबर काय काय गेलं, त्याचा हिशोब पुंडलिकरावांना करवत नव्हता. राहिलेलं काय, तर भिंतीवरचा फोटो आणि खुंट्याची गाय. फोटोला गोरक्षणात नेता येत नव्हतं, एवढाच त्याचा दिलासा.

सगळी आशा उरली ती समीक्षाच्या डब्यांवर. समीक्षा जनावरांच्या डॉक्टरकीतलं पुढचं शिक्षण घेत होती. शतावरी, चित्रक या मुळ्यांमध्ये असा कोणता अंश आहे की ज्याने गुरांची भूक उघडते, हे तिला शोधून काढायचं होतं. बाभुळगावच्या अलीकडचं हे गाव तिने त्यासाठी निवडलं. ज्या घरी दोन गाई, त्या घरी दोन डबे दिले. एक लाल झाकणाचा, एक निळ्या. एकात मुळ्यांची भुकटी, दुसऱ्यात नुसता गव्हाचा कोंडा. दोन्हींना रंग सारखा आणि गूळमेथीचा वासही सारखा. कोणत्या घरी कोणत्या डब्यात काय, ते फक्त तिच्या कॉलेजातल्या सरांना ठाऊक.

"म्हंजे एकीले औषध आन एकीले फसवनूक?" नलूबाईंनी पहिल्याच दिवशी विचारलं होतं. नलूबाई शेजारच्या, त्यांना भीड नावाची वस्तू देवाने दिलेली नव्हती.

"फसवणूक नाही हो ताई. तुलना करायला नको का? फक्त एक करा. जिचा डबा तिलाच. अदलाबदल नाही, मिसळामिसळ नाही."

सगळ्यांनी माना डोलावल्या. मान डोलवण्यात आपल्या गावाचा हात कोणी धरणार नाही; कीर्तनाची सवय असते.

चंद्रीला लाल डबा आला, लालीला निळा. आणि लाली दिवसेंदिवस तुकतुकीत होत गेली. पुंडलिकराव रोज दोघींकडे पाहत आणि मनातल्या मनात जळत. नक्कीच! लेकीच्या वाट्याला औषध आलं आणि आईच्या वाट्याला कोंडा. जिला गरज नाही ती खाते, जिचा जीव जातो ती हुंगते. पण पोरीला शब्द दिलेला. ते लाल डब्यातला कोंडा मुकाट्याने ढेपेवर भुरभुरत राहिले.

तेवढ्यात दत्तजयंतीचा सप्ताह आला, आणि सगळ्याचा विचका झाला.

शेवटच्या दिवशी काल्याचं कीर्तन. शकुबाई देवळातल्या खांबाजवळ बसत, ती जागा बायांनी आपणहून सोडून ठेवली होती. पुंडलिकरावांनी तिकडे पाहायचं नाही असं ठरवलं आणि तिकडेच पाहत राहिले. बुवा मोठे रसाळ. त्यांनी यमुनेचा काठ उभा केला, गाई उभ्या केल्या, सवंगडी गोल बसवले. कोणाच्या शिदोरीत लोणी, कोणाच्या दहीभात, आणि एका लंगड्या पोराच्या फडक्यात आंबलेल्या कण्या. ते पोर लाजून फडकं मांडीखाली लपवतं. देव त्याची मांडी उचलतो, कण्या काढतो, आणि सगळ्यांचं सगळं एकात एक कालवून टाकतो!

"मायबाप!" बुवांचा आवाज दाटला. "वाढताना ज्याचा हात एकीकडे जड होतो आन एकीकडे हलका होतो, त्याच्या घरून देव उपाशी उठते!"

पुंडलिकरावांच्या काळजात ते बाणासारखं घुसलं. गावातल्याच बळीरामाचा हात मृदंगावर कधी चुकत नाही, तो नेमका तिथेच चुकला. नलूबाईंनी पदर डोळ्याला लावला. दहीलाह्यांचा प्रसाद ओंजळीत घेऊन गाव आपापल्या घरी गेलं, जरा घाईघाईनेच गेलं.

पुंडलिकरावांनी घरी येऊन परात मांडली. दोन्ही डबे तीत उपडे केले. सून दीपा चुलीपासून पाहत होती.

"मामाजी, हे काय करून राह्यले?"

"काला."

"गाईचा?"

"मंग काय माह्या? गप राह्य. अमरले सांगू नको, आन त्या पोरीले तर मुळीच नको."

हात मारून मारून त्यांनी सगळं एकजीव केलं आणि दोन्ही डबे पुन्हा सारखे भरले. मग चंद्रीच्या ढेपेवर चांगली मूठभर भुकटी टाकली. चंद्रीने हुंगलं. तोंड वळवलं.

देवाचा काला सवंगड्यांनी खाल्ला होता. हिने तर देवालाही परत पाठवलं असतं.

पुंडलिकराव गव्हाणीच्या कठड्यावर मटकन बसले, आणि त्यांना आठवलं. दुपारची भाकर शकुबाई इथेच बसून खात. इथेच, या कठड्यावर, आणि शेवटचा चतकोर चंद्रीला देत. ते उठले आणि स्वतःचं ताट गोठ्यात घेऊन आले.

"पाह्य, विष नाही व माय." त्यांनी डब्यातली चिमूट स्वतःच्या भाजीवर टाकली, कालवली, घास घेतला. चित्रकाचा चटका जिभेवरून थेट कानात गेला. तोंड पोळलं म्हणून त्यांनी भाकरीचा मोठा तुकडा कोंबला, तो उतरेना म्हणून दुसरा. नाकाडोळ्यांतून पाणी वाहत होतं; त्यातलं चित्रकाचं किती आणि शकुबाईचं किती, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. चंद्री मान वर करून एकटक पाहत राहिली. मग लांब जीभ काढून तिने ताटातला चतकोर उचलला. आणि थोड्या वेळाने घमेल्यात तोंड घातल्याचा आवाज झाला.

त्या दिवसापासून रोज हाच नेम.

पुढच्या खेपेला समीक्षाने चंद्रीला फीत लावली तेव्हा तिचा चेहरा उजळला. "काका! भरली की ही!"

"कृपा आहे देवाची," पुंडलिकराव डब्यांकडे पाठ करून म्हणाले.

पण समीक्षा जसजशी घरोघरी फिरत गेली तसतसा तिचा चेहरा उतरत गेला. दुपारी तिने सगळ्यांना देवळाच्या सभामंडपात बोलावलं.

"काहीतरी भयंकर चुकलंय. सुरुवातीला गाईगाईंत फरक दिसत होता. दत्तजयंतीनंतर सगळा फरक गेला. लाल डबा काय, निळा काय, सगळ्या सारख्या. परवा सर येणार. माझं औषध म्हणजे नुसता कोंडा आहे असंच ते म्हणणार." तिने ओठ दाबून धरला. "एवढी वर्षं मी कोंड्यावरच घालवली."

पुंडलिकरावांना समोर दत्ताची मूर्ती दिसत होती, आणि दत्ताच्या मागे उभी असलेली गायही आपल्याकडेच पाहते आहे असं वाटत होतं. ते उठले. हात जोडले.

"पोरी, तुह्या औषधाचा काही दोष नाही. पाप माह्यं आहे. म्या दोन्ही डबे कालवले. चंद्रीवर अन्याय होऊन राह्यला होता, मले सोसलं नाही."

समीक्षाने कपाळाला हात लावला. "पण काका, तुमच्या एका घरानं सगळ्या गावाचे आकडे कसे बिघडतील?"

मृदंगाच्या मागून बळीराम खाकरला. "म्या बी कालवले."

"बळ्या! तू?" पुंडलिकराव ओरडले.

"मंग? कीर्तन तू एकट्यानंच आयकलं का? म्या त मृदंग वाजवत होतो, माह्या त कानातच बोलले बुवा!"

"म्या त निस्ता काला नाही केला," नलूबाई म्हणाल्या. "वरून प्रसादाच्या लाह्या बी टाकल्या."

मग मंडपात पहिल्या पंगतीपासून शेवटच्या पंगतीपर्यंत हात वर होत गेले. प्रत्येकाला वाटलं होतं की गावात पापी आपण एकटेच आहोत. तो भार उतरल्यावर सगळ्यांना इतकं हलकं वाटलं की जो तो आपण कशात कालवलं ते सांगू लागला. कोणी टोपल्यात, कोणी पाटीत, आणि एकाने तर सोवळं नेसून.

"थांबा!" समीक्षाने कळवळून विचारलं. "एक तरी घर असेल ना, की ज्यांनी नियम पाळला?"

"आहे ना!" मागून रामराव उठले. गुडघे दुखतात म्हणून ते सप्ताहाला आले नव्हते, आणि देवधर्मावर त्यांचा विश्वासही बेताचाच. "या सगळ्याइले सांगून ठेवतो, शास्त्र म्हंजे शास्त्र. म्याडम, माह्या डब्याले कोनाचं बोट लागलं नाही."

"खरंच?" समीक्षाच्या डोळ्यांत पाणी आलं. "निळा डबा वेगळा, लाल वेगळा?"

"येगळे म्हंजे? कपाटात कुलूप लावून ठेवले! पह्यल्याच दिवशी! अजून झाकन उघडू देलं नाही कोनाले."

समीक्षा देवळाच्या पायरीवर जाऊन बसली. ती हसत होती की रडत होती, हे विचारायची छाती नलूबाईंचीही झाली नाही.

बऱ्याच वेळाने तिने सरांना फोन लावला. सर पलीकडून पुष्कळ वेळ बोलले. ती फक्त "हो सर" म्हणत होती. फोन ठेवून ती पुंडलिकरावांजवळ आली.

"काका, आता लपवण्यासारखं काही उरलं नाही, म्हणून सरांनी तुमच्या डब्यांचं सांगितलं. औषध लाल डब्यात होतं. चंद्रीच्या. लालीला कोंडा होता."

पुंडलिकरावांचा चेहरा पांढराफटक पडला. "म्हंजे... म्या तिच्याच ताटातलं काढून लालीले घातलं?"

"लेकरालेच देलं ना?" नलूबाई हळूच म्हणाल्या. "माय तशी बी देतेच."

"पन मंग ते उठली कशी?" अमर पुढे आला. "औषध पुरं होतं तवा खाल्लं नाही, आन अर्धं झाल्यावर खाल्लं? हे कोनतं शास्त्र?"

"पुरं होतं तेव्हा तिनं तोंडच लावलं नाही ना," समीक्षा म्हणाली. "काका, तुम्ही आणखी काय केलं? खरं सांगा."

उत्तर दीपाने दिलं.

"मामाजी गोठ्यात जेवते ताई. रोज, तिच्यासमोर बसून. तुमचं औषध भाजीवर टाकून खाते. आधी अर्धी भाकर परत यायची, आता माह्या भाकरी पुरून नाही राह्यल्या."

अमरने बापाकडे पाहिलं. पोळ्यानंतर पहिल्यांदाच नीट पाहिलं असावं.

समीक्षाने सुस्कारा टाकला. "प्रयोग पुन्हा पहिल्यापासून करायला सर तयार आहेत. पुढच्या सप्ताहाच्या आत संपवू. पण चंद्रीला घेता येणार नाही, काका. तिनं औषधानं खाल्लं की तुमच्या सोबतीनं, हे मला कधीच सांगता येणार नाही. शास्त्राच्या दृष्टीनं ती बाद."

"बाद त बाद," पुंडलिकराव म्हणाले. "घरी तं आहे."

ते शेवटचं त्यांनी ठामपणे म्हणायचं ठरवलं होतं, पण अमरकडे पाहिल्यावर ते विचारल्यासारखंच निघालं. अमर फोन काढून बघू लागला.

निघताना समीक्षा गोठ्यात आली. चंद्रीच्या पाठीवरून हात फिरवला. मग पिशवीतून फीत काढली आणि म्हणाली, "काका, हात वर करा."

"मले? मले कायले व?"

"करा हो."

तिने फीत त्यांच्या छातीभोवती गुंडाळली. पुंडलिकराव श्वास रोखून उभे राहिले.

"उतरलो का?"

"पहिला आकडाच कुठे आहे? मोजलंच कोणी नव्हतं तुम्हाला." ती फीत गुंडाळू लागली. "पण आता दर खेपेला मोजणार."

सांज झाली. दीपाने ताट वाढून दिलं, त्यावर चंद्रीची भाकर वेगळी ठेवली. कठड्यावरची शकुबाईची जागा मोकळी ठेवून पुंडलिकराव तिच्या बाजूला बसले. घास घेताना नजर अजूनही त्या जागेकडे जात होती; ती तशीच जाणार होती, त्यावर कोणत्याही मुळीत काही निघालेलं नाही. चंद्रीने मान पुढे केली.

अंगणात अमरचा फोन वाजला. टेम्पो कोणत्या दिवशी आणू, असं पलीकडचा विचारत होता. अमर गोठ्याच्या दारापर्यंत आला, आत पाहिलं, आणि आवाज खाली करून म्हणाला,

"सध्या नको जी. ते दोघं जेवून राह्यले."